गावच्या आराखड्याने शेतकऱ्याला काय दिले? तपासणीची पद्धत, पहिल्या कागदापासून ग्रामसभेपर्यंत

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वर्षभरातल्या कामांची यादी रंगवलेली असते. ‘सिमेंट बंधारा दुरुस्ती’, ‘शेतरस्ता खडीकरण’, ‘शेतकरी प्रशिक्षण’ आणि पुढे रुपयांचे आकडे. आकडा खरा असेल, कामही झाले असेल. तरी त्या कामाने कोणाच्या विहिरीला पाणी वाढले, कोणाचा माल वेळेवर बाजारात पोचला आणि कोणाच्या हाती काहीच लागले नाही, हे त्या भिंतीवरून कळत नाही. ते कसे शोधायचे हे इथे क्रमाने सांगितले आहे. पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य, बचत गटातल्या महिला, गटशेती करणारे तरुण, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक अशा नवख्या माणसांसाठी हे लिहिले आहे. चार-पाच जणांचा गट, एक मोजपट्टी, एक वही आणि पावसाळ्यापासून पुढच्या मेपर्यंतची चिकाटी एवढे पुरते.

सुरुवातीलाच चार पायऱ्या लक्षात घ्या. पैसा खर्च झाला, ही पहिली. काम उभे राहिले, ही दुसरी. काम वापरात आले, ही तिसरी. त्या वापराचा फायदा कोणाला आणि किती झाला, ही चौथी. सरकारी अहवाल बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर थांबतात. आपली तपासणी चौथीपर्यंत गेली नाही तर ती केल्याचा उपयोग नाही.

कोणता आराखडा तपासायचा?

नवखे लोक पहिली चूक इथेच करतात. गावात शेतीसाठी येणारा पैसा एकाच दाराने येत नाही. कोणते काम कोणाचे हे वेगळे केले नाही, तर ग्रामपंचायतीला कृषी खात्याच्या कामाचा जाब विचारला जातो आणि कृषी सहाय्यकाला ग्रामपंचायतीच्या. दोघेही हात झटकतात.

७३ व्या घटनादुरुस्तीने घटनेत अकरावी अनुसूची आली. तिच्यातल्या २९ विषयांत पहिलाच विषय कृषी व कृषी विस्तार हा आहे. त्यामागोमाग मृदसंधारण, लघु पाटबंधारे व पाणलोट, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय आणि सामाजिक वनीकरण येतात. ‘शेती आमच्याकडे येत नाही’ असे कोणी म्हणाले तर ही अनुसूची दाखवा. विषय आला तरी सगळा पैसा मात्र ग्रामपंचायतीकडे आलेला नाही. म्हणून कामांची चार गटांत वाटणी करा:

ग्रामपंचायत विकास आराखडा. महाराष्ट्रात तो ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ओळखला जातो. यात वित्त आयोगाचा निधी, ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न आणि पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांत आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी येतो.

रोजगार हमीची कामे. यात विहिरी, शेततळी, बांधबंदिस्ती, फळबाग लागवड, पाणंद रस्ते येतात. गावाचा वार्षिक कृती आराखडा ग्रामसभेत ठरतो.

जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. यात सेस फंडातली (म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातली) अवजारे व पंप, ० ते १०० हेक्टर सिंचनक्षमतेचे लघु पाटबंधारे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठीच्या विहीर योजना येतात.

राज्याचे कृषी व जलसंधारण खाते. महाडीबीटी या राज्याच्या योजना-संकेतस्थळावरचे ठिबक आणि अवजारे, जलयुक्त शिवार, तसेच नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प म्हणजे पोकरा ज्या गावांत आहे तिथला गाव आराखडा, हे सगळे या गटात.

पहिल्या वर्षी पहिले दोन गट घ्या. तिथे ग्रामसभेचा अधिकार सरळ चालतो. बाकीच्या दोन गटांची नुसती यादी ठेवा, ती लाभार्थी तपासताना लागेल.

कागद कोणते, कुठून

तीन वर्षांचे कागद घ्या. एका वर्षावरून काही ठरत नाही, कारण मंजूर झालेले काम बऱ्याचदा पुढच्या वर्षात सरकते.

सर्वांत आधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ किंवा ‘मेरी पंचायत’ ॲप उघडा. आपल्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा, कामनिहाय रक्कम आणि झालेला खर्च तिथे कोणालाही पाहता येतो. त्याची छापील प्रत काढा. मग ग्रामपंचायतीतून ग्रामसभेचे इतिवृत्त, मासिक सभेचे ठराव, वार्षिक अंदाजपत्रक आणि रोकडवहीची संबंधित पाने मागा. प्रत्येक बांधकामासाठी सहा कागद लागतात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि पूर्णत्वाचा दाखला. यांतली मोजमाप पुस्तिका सर्वांत महत्त्वाची, कारण कोणत्या तारखेला किती लांबी-रुंदी-खोली मोजली हे तिच्यातच असते. तलाठ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) ८-अ ची यादी (कोणत्या खातेदाराच्या नावावर किती जमीन ते) आणि गाव नमुना १२ मधली पीक पाहणी घ्या.

आधी तोंडी मागा, मग साध्या अर्जाने. नाही मिळाले तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला काही लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. या अटीवर कितीतरी अर्ज परत येतात. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘बंधारा का गळतो?’ याला उत्तर मिळणार नाही, कारण कायदा अस्तित्वात असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. असे लिहा:

‘सन २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात ग्रामपंचायत … हद्दीत झालेल्या मृद व जलसंधारणाच्या कामांची पुढील कागदपत्रे मिळावीत: कामांची यादी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, पूर्णत्वाचा दाखला, अदा केलेल्या देयकांचा तपशील.’

रस्त्यांसाठी वेगळा अर्ज, प्रशिक्षणांसाठी वेगळा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांचेच काम आहे. तुम्ही पुन्हा १० रुपये भरायचे नाहीत.

इतिवृत्त वाचताना एक बारीक गोष्ट पाहा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब केलेली सभा पुन्हा भरते, तेव्हा ही अट लागत नाही. आराखडा तहकूब सभेत मंजूर झाला असेल तर तो बेकायदा ठरत नाही, पण तो किती माणसांसमोर वाचला गेला हे सह्यांवरून मोजून वहीत लिहा. महिला सभा आधी झाली का, तिथे शेतीविषयी काय मागणी आली आणि ती आराखड्यात उतरली का, हेही नोंदवा.

शेतीचा खरा वाटा

आता आराखड्यातले प्रत्येक काम तीन रकान्यांत टाका. पहिला रकाना थेट शेतीचा: बंधारा, गाळ काढणे, बांधबंदिस्ती, शेततळे, चारा, गोदाम, माती परीक्षण. दुसरा रकाना पूरक कामांचा: शेतरस्ता, बाजार ओटा, जनावरांचा दवाखाना. तिसरा नावापुरत्या कामांचा. ‘शेतकरी भवन’ नावाचे सभागृह, ‘कृषी जनजागृती’च्या नावाखाली छापलेले फलक किंवा शेतीच्या सदरात टाकलेला गावठाणातला पेव्हर ब्लॉकचा रस्ता तिसऱ्यात जातो. कोणते काम कोणत्या रकान्यात, यावर गटात वाद होईल. होऊ द्या, पण ठरलेले कारण वहीत लिहून ठेवा. पुढे ग्रामसभेत हेच विचारले जाते.

एक हिशेब मानून पाहू. आराखडा ६० लाखांचा, त्यात थेट शेतीची कामे १२ लाखांची, म्हणजे २० टक्के. वर्षअखेर एकूण खर्च ४० लाख आणि शेतीवर ४ लाख, म्हणजे १० टक्के. कागदावर ठरलेला वाटा अंमलात निम्मा झाला. बहुतेक गावांत मूळ तक्रार इथे सापडते: शेतीची कामे आराखड्यात असतात, पण खर्चाची पाळी आली की रस्ते आणि गटारे पुढे जातात. ती सहज मोजता येतात, ठेकेदार सहज मिळतो आणि ती डोळ्यांना दिसतात.

मात्र सगळाच दोष गावाचा नसतो. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित होती, ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. शेतीसाठी उरलेल्या ४० टक्के अबंधितातूनच वाट काढावी लागे. त्यामुळे शेतीची टक्केवारी एकूण निधीवर काढा आणि अबंधित निधीवरही वेगळी काढा. वर्षा जल संचयनाची कामे बंधितातूनही बसत होती, ती कोणी घेतली का ते पाहा. आयोगाची मुदत बदलली की हे प्रमाण बदलते. ज्या वर्षाचा हिशेब करता त्या वर्षाचा नियम लावा.

रोजगार हमीच्या कामांना दुसरे माप आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली जिल्ह्यातल्या खर्चाचा किमान ६० टक्के भाग जमीन, पाणी आणि झाडे यांतून शेतीशी थेट जोडलेल्या कामांवर व्हावा असा दंडक होता. तो जिल्ह्याचा होता, गावाचा नव्हता. तरी तपासत असलेल्या वर्षांत आपले गाव त्याच्या किती वर किंवा खाली होते, हे काढायला अर्धा तास लागतो.

गरज काय होती? पाण्याचा ताळेबंद

आराखडा चांगला की वाईट हे गरज माहीत असल्याशिवाय ठरत नाही. कोरडवाहू गावात गरजेचे पहिले नाव पाणी. त्याचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. १,००० घनमीटरला टीसीएम म्हणतात. १,००० हेक्टरांच्या शिवारावर ६०० मिमी पाऊस पडला तर ६,००० टीसीएम पाणी आले. त्यातले बरेचसे उडून आणि वाहून जाते, आणि साठवलेले व मुरलेलेच आपले.

मागणीची बाजू तर आणखी बोलकी आहे. २,००० माणसे, माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम. एक हेक्टर ऊस पाटपाण्याने घेतला तर २० टीसीएमच्या आसपास. म्हणजे दोन हेक्टर उसाने सबंध गावाच्या पिण्याएवढे पाणी घेतले. हरभऱ्याला तीन पाळ्या, दर पाळीला हेक्टरी ५०० घनमीटर धरले तर हेक्टरी दीड टीसीएम. एका हेक्टर उसाच्या पाण्यात तेरा हेक्टर हरभरा निघतो.

म्हणून पहिला प्रश्न असा: आराखडा करताना असा ताळेबंद मांडला होता का? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हेच केले. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि मग रब्बीत काय किती पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअरला मनाई, ऊस-केळीसारख्या पिकांना नकार. पाणी अडवण्याइतकेच ते वाटण्याचे नियम महत्त्वाचे, हे तिथे दिसते. बंधारे बांधले आणि वापराचा नियम केला नाही, तर खोल बोअर आणि मोठी मोटार ज्याच्याकडे आहे तोच ते पाणी उपसतो.

ताळेबंद नसला की काय होते याचा पुरावा राज्यपातळीवरही आहे. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. त्यावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाल्याचे नमूद करून महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही असे म्हटले. तपासलेल्या बऱ्याच गावांत निर्माण झालेला साठा पिण्याच्या व शेतीच्या गरजेला अपुरा होता. तपासणी करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष आपल्या शिवाराला लावून पाहावा.

पाण्याखेरीज इतर गरजाही प्रदेशाप्रमाणे बदलतात. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांची (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतळ्यांची) दुरुस्ती आणि गाळ हा प्रश्न असतो. कोकणात सामाईक सातबाऱ्यावर वीस-तीस नावे असतात, सर्वांची संमती मिळत नाही आणि योजना परत जाते. बागायती पट्ट्यात पावसाळी शेतरस्ता हीच मोठी निकड असते. बाहेरून आणलेली यादी कामाची नाही. शिवारफेरी काढा आणि वस्तीनिहाय पहिल्या तीन मागण्या लिहून घ्या, मग त्या आराखड्याशेजारी ठेवा.

शिवारात उतरून मोजणी

अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका हातात घेऊनच कामावर जा.

बंधारा. साठ्याची लांबी गुणिले सरासरी रुंदी गुणिले सरासरी खोली. नाल्याचा तळ उतरता असतो, त्यामुळे भिंतीपाशी २ मीटर खोली असेल तर सरासरी साधारण १ मीटर धरा. ३०० मीटर लांब, १२ मीटर रुंद, १ मीटर खोल म्हणजे ३,६०० घनमीटर. आता लोखंडी सळई तळात रोवून पाच-सहा जागी गाळ मोजा. सरासरी ४० सेंटिमीटर गाळ निघाला तर खोली ०.६ मीटर उरली, साठा २,१६० घनमीटर झाला, क्षमता ४० टक्क्यांनी गेली. दर पाळीला हेक्टरी ५०० घनमीटर या हिशेबाने एका भरणीत जेमतेम चार हेक्टरांना एक पाळी. दाखल्यावर ‘२० हेक्टर संरक्षित सिंचन’ लिहिले असेल तर बंधारा हंगामात किती वेळा भरेल असे धरले होते ते विचारा. तीन-चार भरण्या धरणे चुकीचे नाही, पण त्या खरेच झाल्या का, हे काठावरचा शेतकरी सांगू शकतो.

गळती भिंतीतून आहे की पायातून, बाजूच्या भिंतींना वळसा घालून पाणी जाते का, खालच्या अंगाला धूप होऊन खड्डा पडला आहे का, हे पाहा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) कधी बसवले ते विचारा. परतीचा पाऊस संपता संपता ते बसले नाहीत तर भिंत धडधाकट असूनही साठा शून्य. बरगे कोणाच्या ताब्यात आहेत, किती चोरीला गेले, रबराच्या पट्ट्या शेवटच्या कधी बदलल्या आणि देखभालीला आराखड्यात स्वतंत्र रक्कम आहे का? बांधकामाला लाखो रुपये आणि देखभालीला काहीच नाही, या कारणाने जितकी कामे वाया जातात तितकी दुसऱ्या कशानेही जात नसतील.

विहिरी. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाचशे मीटरच्या आतल्या चार-पाच आणि दूरच्या, पण तशाच जमिनीतल्या चार-पाच विहिरी निवडा. ऑक्टोबरअखेर, मार्चमध्ये आणि मेमध्ये पातळी मोजा. भल्या पहाटे मोजा, मोटार रात्रभर बंद असली पाहिजे. वजन बांधलेली फीत सोडा आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करा. शेतकरी खोली ‘परस’ या पुरुषभर उंचीच्या मापात सांगतात. परसाचे माप गावोगाव थोडे वेगळे, म्हणून तुम्ही मीटरमध्येच लिहा. पातळीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: मोटार किती तासांत विहीर उपसते, आणि विहीर पुन्हा किती तासांत भरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिच्या जुन्या नोंदी मागवा. आधीच्या स्थितीचा तो चांगला पुरावा असतो.

शेततळे. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार १ : १ असेल तर, २,१९६ घनमीटर पाणी मावते, ९०० गुणिले ३ म्हणजे २,७०० नव्हे. उतार न धरता केलेला हिशेब दिसला तर लगेच खूण करा. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरते की विहिरीतून उपसून, हेही विचारा. उपसून भरलेले तळे गावाच्या साठ्यात भर घालत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आधीच उचलून ठेवते आणि त्यातले काही उन्हात उडते.

शेतरस्ता. एप्रिलमध्ये प्रत्येक पाणंद रस्ता चांगलाच दिसतो. तो ऑगस्टमध्ये पाहा. १ किलोमीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे ४५० घनमीटर, सुमारे १५९ ब्रास मुरूम (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). देयकात किती ब्रास आहे ते ताडून बघा आणि तीन-चार जागी हातभर खड्डा घेऊन जाडी मोजा. ओहोळावर नळ्या टाकल्या नसतील तर पहिल्याच पावसात रस्ता तिथे तुटतो. रस्ता शेवटच्या गटापर्यंत जातो की मध्येच कोणाच्या फार्महाऊसपाशी थांबतो, हे नकाशावर दाखवा. आणि लाभ मोजायचा तो भाड्यात: टोमॅटोच्या क्रेटमागे किंवा क्विंटलमागे आधी काय पडत होते, आता काय पडते.

प्रशिक्षणाचे मोजमाप थोडक्यात उरकते. हजेरीपटावरच्या दहा जणांना भेटा, आले होते का आणि शिकलेले काय शेतात केले ते विचारा. अवजार बँक असेल तर भाड्याची नोंदवही पाहा.

लाभ कोणाला?

हा या कामाचा गाभा. महाराष्ट्रात जवळपास ८० टक्के खातेदारांची जमीन २ हेक्टरांच्या आत आहे. आपल्या गावातली टक्केवारी ८-अ वरून काढा. मानू की ३२० खातेदारांपैकी २५० जण, म्हणजे ७८ टक्के, २ हेक्टरांच्या आतले आहेत. आता तीन वर्षांत वैयक्तिक लाभ मिळालेल्यांची यादी करा. ४० नावे निघाली आणि त्यांतले १८ जण २ हेक्टरांच्या आतले, म्हणजे ४५ टक्के. ४५ भागिले ७८ बरोबर ०.५८. हा आकडा १ च्या आसपास असेल तर लहान शेतकऱ्याला त्याचा वाटा मिळाला. जितका खाली, तितका लाभ वर सरकला.

यात एक मोठा धोका आहे. कागदोपत्री वाटणी करून एकाच घरातले चार जण अल्पभूधारक होतात. म्हणून यादी माणसानुसार नव्हे, चुलीनुसार लावा. एकाच घरात विहीर, शेततळे आणि ठिबक तिन्ही गेले का, पदाधिकाऱ्यांच्या घरांचा वाटा किती, वाडी-तांडा-पाड्यांचा किती, हे त्यातून उघड होते. सार्वजनिक कामांनाही हीच चाळणी लावा: बंधाऱ्याखालच्या विहिरी कोणाच्या? गाळमुक्त धरण योजनेत २०२३ पासून अल्प-अत्यल्पभूधारकांना गाळ वाहून नेण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान होते. ते कोणी घेतले, आणि गाळ प्रत्यक्षात कोणाच्या रानात पडला?

मग प्रत्यक्ष भेटी. ८-अ च्या यादीतून दर आठवे नाव घ्या, ४० घरे होतील. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही ते या यादीत नसतात, म्हणून बटईने करणारे, शेतमजूर, मेंढपाळ आणि नवऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणाऱ्या महिला अशी १० घरे वेगळी जोडा. बाईशी बाईनेच आणि वेगळे बोलावे. दारात बसलेल्या पुरुषांसमोर मिळणारे उत्तर वेगळे असते.

‘योजनेचा लाभ झाला का?’ असे विचारू नका. कोणी भिडेने हो म्हणते, कोणी रागाने नाही. मोजता येईल ते विचारा: गेल्या रब्बीत कोणत्या पिकाला किती पाळ्या दिल्या? किती एकर पेरले, किती पडीक राहिले? चारा किती महिने विकत घेतला? मजुरीला गावाबाहेर किती दिवस गेलात? आणि शेवटी, अर्ज केला होता का. नसेल तर का नाही? ‘माहीतच नव्हते’, ‘सातबाऱ्यावर भावाचे नाव’, ‘आधी स्वतःचे पैसे घालायला नव्हते’ ही तीन उत्तरे वेगवेगळी मोजा. पहिल्याचा उपाय ग्रामपंचायतीकडे आहे, दुसऱ्याचा महसुलाकडे आणि तिसऱ्याचा पतपुरवठ्यात.

पाऊस वजा करा

चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्याच योजना यशस्वी दिसतात. म्हणून दूरच्या विहिरी मोजल्या. बंधाऱ्याजवळच्या विहिरींची मार्चमधली पातळी सरासरी १.५ मीटरने वर आली आणि दूरच्यांची १.२ मीटरने, तर बंधाऱ्याच्या नावावर ०.३ मीटरच जमा करा. उरलेले पावसाचे. महसूल मंडळातल्या पावसाचे आकडे घेऊन शक्यतो सारख्या पावसाची दोन वर्षे निवडा, एक कामाआधीचे आणि एक नंतरचे. पिकांची तुलना गाव नमुना १२ वरून करताना सांभाळा. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः नोंद करू लागला. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडले तर नोंदीच्या पद्धतीतला बदल पिकातला बदल वाटू शकतो.

काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. एक विहीर तुडुंब आणि शंभर पावलांवरची कोरडी, असे होते. एका विहिरीवरून निष्कर्ष काढू नका, आणि एक कोरडी निघाली म्हणून काम वाईट असेही म्हणू नका.

ग्रामसभेत मांडताना

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. कागद पावसाळ्यात जमवा, रस्ते ऑगस्टमध्ये पाहा, बंधारे आणि विहिरी ऑक्टोबरअखेर मोजा, घरभेटी दिवाळीनंतर. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेला चार पाने तयार असतील.

त्या चार पानांत नावे घेऊन आरोप करू नका. काम, ठरलेले माप, मोजलेले माप, फरक आणि वापरणारी घरे, एवढे पाच रकाने. सभेआधी आठ दिवस सरपंच आणि ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) प्रत द्या. त्यांच्याकडे एखादा कागद असेल ज्याने तुमचे माप चुकीचे ठरते, तर ते सभेआधी कळलेले बरे. मग ठरावाच्या भाषेत मागा. ‘शेतीकडे लक्ष द्यावे’ या वाक्याचा ठराव होत नाही. ‘तीन बंधाऱ्यांचा गाळ मेअखेर काढावा, बरग्यांची जबाबदारी अमुक समितीवर सोपवावी, देखभालीसाठी अबंधित निधीतून इतकी रक्कम राखावी, पुढील वर्षाच्या वैयक्तिक कामांत २ हेक्टरांच्या आतल्या व महिला खातेदारांना आधी घ्यावे’ याचा होतो. ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा उतरला का, ते सभा उठण्याआधी वाचून घ्या आणि त्याची प्रत मागा.

रोजगार हमीच्या कामांवर दर सहा महिन्यांनी सामाजिक अंकेक्षण व्हायला हवे अशी कायद्यात तरतूद होती. तुमची चार पाने त्या नोंदींना जोडता येतात. मोजमापात मोठी तफावत असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे मोजमाप पुस्तिकेच्या पानाची प्रत जोडून पुनर्मोजणीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

मार्च आणि मेच्या विहीर नोंदी ग्रामसभेनंतरच्या आहेत, त्यामुळे त्या हमखास राहून जातात. गटातल्या दोघांवर आधीच सोपवा, तारीख ठरवा आणि ज्या विहिरींवर ऑक्टोबरात रंगाने खूण केली त्याच विहिरी, त्याच जागेवरून मोजा.